केकवरची नक्षी आणि पालथे ताट
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



व्यासपीठावर उभे राहून बोलण्याची मला सवय नाही; माझी सवय ओट्यापाशी उभे राहण्याची. तरी केकवरील आयसिंगच्या नक्षीविषयी चार शब्द सांगावेत, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला.

साठीच्या उंबरठ्यावर मी ही कला हाती घेतली. दारात रोज रांगोळी काढणारीला यात काय अवघड, असा माझा तोरा! शेजारच्या मुलीच्या पाचव्या वाढदिवसाचा केक मीच करीन, असे तिच्या आईला सांगून बसले. फुले कशीबशी उमटली. मग नाव लिहावयास घेतले. नाव पाच अक्षरी. तीन अक्षरे झाली आणि केक संपला! मुलगी रुसली नाही. हळूच म्हणाली, "आजी, उरलेले नाव कुठे आहे?" सगळे हसले. मीही हसले, पण घरी आल्यावर डोळे भरून आले.

चूक तोऱ्यात होती. रांगोळी चिमटीतून सुटते. आयसिंग मुठीच्या दाबाने येते. दाब कमी पडला की रेघ तुटते, वाढला की गाठ होते. फूल काढताना आधी दाब थांबवावा, मग कोन उचलावा. नाहीतर फुलाला शेपूट राहते. हे ऐकून समजते, पण हाताला ते करूनच येते.

म्हणून मी केक बाजूला ठेवला आणि ताट पालथे घातले. १०० ग्रॅम मऊ, बिनमिठाचे लोणी आणि २०० ग्रॅम आयसिंग साखर एकत्र फेटावी. साखर चाळूनच घ्यावी, नाहीतर गुठळी नॉझलमध्ये अडकते. मेंदीच्या कोनासारखा बटर पेपरचा कोन करून तो अर्धाच भरावा. हाताच्या उबेने लोणी सैल होते, तेव्हा कोन मधून मधून फ्रिजमध्ये ठेवावा. पालथ्या ताटावर प्रथम रेघा काढाव्यात. मग चांदणीच्या नॉझलने, कोन सरळ उभा धरून फुले. मग कोन तिरका धरून शिंपल्यांची किनार. ताट भरले की खरवडून आयसिंग पुन्हा भांड्यात! नाव लिहिण्याआधी अक्षरे मोजावीत, आणि दातकोरणीने केकवर जागेच्या बारीक खुणा कराव्यात.

शिकागो शहरात ड्यूई मॅक्किन्ले विल्टन यांनी १९२९ साली केकसजावटीचे वर्ग सुरू केले, तेव्हा हॉटेलांतले कसलेले आचारीही तेथे शिकावयास येत. मग पहिल्याच दिवशी आपला हात बसावा, असा हट्ट आपण का धरावा?

पुढल्या वर्षी त्याच दारी मी आपण होऊन गेले. म्हटले, "यंदाही केक मीच करते." तिची आई क्षणभर घुटमळली, मग हो म्हणाली. त्याआधी वीस संध्याकाळी मी ताट खरवडले होते. केक समोर येताच मुलीने बोट धरून एकेक अक्षर मोजले आणि ओरडली, "आजी, सगळे आहे!"

भगिनींनो, ज्यांना शिकावयाचे असेल त्यांनी माझ्या घरी अवश्य यावे. केक आणू नका. एक जुने ताट तेवढे घेऊन या.