गोठलेल्या जमिनीवरच्या टाक्या

रशियाच्या यामाल द्वीपकल्पावर सबेट्टा नावाचे बंदर आहे. तिथे नैसर्गिक वायू उणे 162 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून द्रवरूपात साठवतात. त्यासाठी प्रत्येकी 1 लाख 60 हजार घनमीटरच्या चार टाक्या बांधल्या. पण खरी कसोटी लागली ती पायाची! इतरत्र टाकीच्या गारठ्याने खालची माती गोठून फुगू नये, म्हणून तळाशी हीटर बसवतात. इथे सारेच उलटे. जमीन मुळातच बारमाही गोठलेली. ती वितळली तर बांधकाम खचणार. म्हणून टाक्या खोल रोवलेल्या खांबांवर उभ्या केल्या, खालून थंड वारा खेळता ठेवला. डिसेंबर 2017 मध्ये इथून द्रवरूप वायूचे पहिले जहाज निघाले. आर्क्टिक प्रदेश मात्र झपाट्याने तापतो आहे, त्यामुळे या जमिनीचे तापमान सतत मोजत राहणे अत्यावश्यक आहे.