चेंडू उचलायचा नसतो
(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या संध्याकाळी आरोग्य, गुंतवणूक किंवा एखाद्या संताचं चरित्र असा विषय असतो. यंदा कार्यकारिणीने आमच्या रविवारच्या गटाला बोलायला सांगितलं. आम्ही विषय लिहून दिला, ‘गोल्फमधला हायब्रीड क्लब’. त्यावर चिटणीसांनी विचारलं, हा क्लब कुठे आला, अलकापुरीत का? तेव्हा तिथूनच सुरुवात करू. गोल्फमध्ये क्लब म्हणजे चेंडू मारायची काठी. ज्या संस्थेत खेळायला जातात तिलाही क्लबच म्हणतात, त्याला आमचा इलाज नाही.

नियमाप्रमाणे खेळाडूच्या पिशवीत जास्तीत जास्त 14 काठ्या असतात. ढोबळमानाने त्यांची तीन घराणी. जाड डोक्याचे वूड; ते पूर्वी लाकडाचे असत, आता धातूचे आहेत, नाव मात्र टिकलं. दुसरे पातळ पात्याचे आयर्न. आणि तिसरा पटर, चेंडू घरंगळत खळगीत घालायचा. आयर्नला नंबर असतात. नंबर लहान, तितकं पातं उभं, दांडा लांब आणि चेंडू लांब. तीन किंवा चार नंबरचा आयर्न हातात धरला की खाली विळ्याएवढं पातळ पातं दिसतं, त्याचा कलता कोन जेमतेम वीस-बावीस अंशांचा. मनगटात आणि कमरेत भरपूर वेग असेल तर त्याने चेंडू हवेत उठतो, नाहीतर गवतातून सरपटत जातो. अमेरिकेचे ली ट्रेव्हिनो गमतीने सांगत, विजा कडाडायला लागल्या की एक नंबरचा आयर्न डोक्यावर धरून चालावं, कारण तो देवालासुद्धा मारता येत नाही. बाप्पासमोर हे सांगतोय, क्षमा असावी.

या लांब आयर्नच्या जागी जो आला तो हायब्रीड. डोकं छोट्या वूडसारखं, दांड्याची लांबी आयर्नच्या जवळची. कल्पना तशी जुनी. कोब्रा कंपनीच्या टॉम क्रो यांनी 1975 साली ‘बॅफलर’ नावाचा असाच एक क्लब काढला होता. पण घरोघरच्या पिशव्यांत हायब्रीड शिरला तो 2000 नंतर. त्याचं रहस्य वजनाच्या जागेत आहे. आयर्नचं वजन पात्यातच असतं. हायब्रीडचं वजन पात्याच्या मागे आणि तळाशी असतं, म्हणजे गुरुत्वमध्य खाली आणि मागे जातो. म्हणून तेवढ्याच कोनातून आणि तेवढ्याच वेगात चेंडू जास्त उंच जातो आणि पडताना हळू पडतो. तळ रुंद आणि गोलसर असल्यामुळे तो मातीत रुतत नाही, घसरून पुढे जातो.

आम्ही सगळे चाळिशी ओलांडलेले आणि राज्य सरकारच्या नोकरीतले. दिवसभर खुर्ची. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर. पोलो ग्राउंडवरचं टेनिस बॉलचं क्रिकेट एकेकाचं सुटत गेलं. विशीतल्या पोराच्या मनगटाचा वेग आता येणार नाही, हे मान्य करूनच गोल्फ खेळायचं असेल तर हायब्रीडवाचून गत्यंतर नाही. म्हणून आज याच एका काठीवर बोलायचं ठरवलं. ड्रायव्हरने दोन-सव्वादोनशे यार्ड मारण्याच्या गप्पा सगळेच मारतात. पण आमच्यासारख्याचा खेळ ठरतो तो त्यानंतर उरलेल्या दीड-पावणेदोनशे यार्डांवर.

आणखी एक गोष्ट बोलायला हवी. आपल्यापैकी बहुतेकांचे आजे-पणजे गायकवाडी चाकरीत बडोद्याला आले. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या भिंतीला लागून सायकलवरून कचेरीत जाण्यात त्यांचा जन्म गेला. त्याच आवारात प्रतापसिंहराव महाराजांनी युरोपियन पाहुण्यांसाठी गोल्फचं मैदान करवून घेतलं होतं. समरजितसिंह गायकवाड, जे स्वतः रणजी खेळलेले, त्यांनी 1990च्या दशकात ते नव्याने करून लोकांसाठी खुलं केलं. म्हणजे दार उघडून बराच काळ झाला. तरी आपल्या घरांतून अजून एकच वाक्य ऐकू येतं, ‘तो साहेबांचा खेळ.’ एस. एस. पी. चौरासिया हे कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता क्लबातल्या माळ्याचे चिरंजीव, आणि 2016 व 2017 अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन त्यांनी जिंकली. 1991 साली ती स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय अली शेर हे मूळचे कॅडी, म्हणजे दुसऱ्याची पिशवी वाहणारे. खर्च आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण पूर्ण संच कुणीही पहिल्या दिवशी घेऊ नये. एक जुना हायब्रीड, एक सात नंबरचा आयर्न आणि एक पटर एवढ्यावर वर्षभर शिकता येतं.

आता मुख्य मुद्दा. हायब्रीडचं तोंड बघितलं की वाटतं, हा वूडसारखा आहे, तेव्हा चेंडूखाली घालून वर उचलायचा. नव्वद टक्के बिघाड इथेच होतो. त्यात आपण लहानपणी विटीदांडू खेळलेले. विटी कोलायची म्हणजे दांडू खाली घालून वर उडवायची. ती सवय हातात मुरलेली असते. गोल्फचा चेंडू पुढ्यात निपचित पडलेला दिसला की उजवा खांदा खाली जातो, वजन मागच्या पायावर राहतं आणि हात उचलायला बघतात. मग दोनच गोष्टी होतात. एकतर काठी चेंडूच्या मागे जमिनीवर आपटते आणि मातीचं ढेकूळ चेंडूपेक्षा लांब जातं. नाहीतर काठी वर येताना चेंडूच्या डोक्याला लागते आणि चेंडू सशासारखा पळतो. 

उचलण्याचं काम काठीच्या कोनाचं आहे. बावीस अंशांचा उतार कारखान्यातच घडवून दिलाय, तो आपण पुन्हा घडवायचा नाही. काठी खाली येत असतानाच, अगदी किंचित खाली जात असताना, चेंडूला लागली पाहिजे आणि गवताला त्यानंतर. म्हणजे झोक्याचा सगळ्यात खालचा बिंदू चेंडूच्या थोडा पुढे, लक्ष्याच्या बाजूला. चेंडू वर जावा म्हणून खाली मारायचं, हे ऐकायला उलटं वाटतं, पण आमच्या अनुभवात हे एकदा अंगाला पटलं की बाकी सगळं आपोआप सुधारतं. थोडक्यात, दिसायला वूड असला तरी मारायचा आयर्नसारखा.

उभं कसं राहायचं? उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी सांगतो, डावखुऱ्यांनी उलट धरावं. चेंडू दोन पायांच्या बरोबर मध्ये नको आणि ड्रायव्हरसारखा डाव्या टाचेसमोरही नको. मध्यापासून एक-दोन चेंडूंएवढा डावीकडे. हात चेंडूच्या जरासे पुढे. वजन दोन्ही पायांवर, झुकलंच तर डाव्या पायाकडे. फटका संपताना पोटाची बटणं लक्ष्याकडे आली पाहिजेत आणि उजव्या पायाचा फक्त अंगठा जमिनीवर राहिला पाहिजे. तसं झालं नाही तर समजावं की वजन मागेच राहिलं. जोर ऐंशी टक्क्यांच्या वर नको. आमच्यापैकी दोघांच्या घरच्या मंडळींनी गेल्या हिवाळ्यात सुरुवात केली आणि त्यांचे हायब्रीडचे फटके आमच्यापेक्षा सरळ जातात, कारण त्या चेंडूशी भांडत नाहीत. इथे बायकांच्या बाजूला टाळ्या पडल्या, त्याची नोंद घेतली.

सरावासाठी एक स्वस्त युक्ती. खो-खोच्या मैदानावर आखतात तशी चुन्याच्या फक्कीची एक सरळ रेघ गवतावर ओढा. ती दोन पावलांच्या मध्यापासून थोडी डावीकडे येईल असे उभे राहा आणि चेंडू न ठेवता झोका घ्या. काठी गवताला कुठे घासते ते बघा. रेघेच्या मागे घासली तर अजून उचलणं चालू आहे. रेघेवर किंवा तिच्या पुढे घासली तर बरोबर. पंधरा-वीस वेळा असं झाल्यावर रेघेवर चेंडू ठेवा. सराव-पट्ट्यावर रबरी चटई असते, तिच्यावर फार विसंबू नका. काठी मागे आपटली तरी चटईवरून घसरून चेंडूला लागते आणि फटका चांगला गेल्यासारखा वाटतो. चटई खोटं बोलते, गवत बोलत नाही.

गवताचा विषय निघालाच आहे, तर बाप्पाच्या दारात तो टाळता येणार नाही. आपण एकवीस-एकवीसच्या जुड्या करून वाहतो ती दूर्वा आणि गोल्फवाले ज्याला बर्म्युडा गवत म्हणतात ते मुळात एकच, शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. गरम प्रदेशातली कितीतरी गोल्फ मैदानं याच जातीची किंवा तिच्या संकरित वाणांची आहेत. ज्याने दूर्वा खुडल्यात त्याला तिचा चिवटपणा सांगायला नको. श्रावण-भाद्रपदात ती सगळ्यात जोमात असते. मैदानाच्या कडेला न कापलेल्या भागात, म्हणजे रफमध्ये, चेंडू तिच्यावर तरंगत नाही, आत जाऊन बसतो. आयर्न मारला तर तिच्या काड्या पात्याच्या मानेभोवती गुंडाळतात, पातं वळतं आणि चेंडू भलतीकडे जातो. हायब्रीडचं गोल डोकं गवत बाजूला सारत जातं. याच गुणामुळे त्याला ‘रेस्क्यू’ हे नाव पडलं. पण याला मर्यादा आहे. चेंडूचा वरचा निम्मा भाग दिसत असेल तरच हायब्रीड काढावा. पूर्ण बुडाला असेल तर मुकाट्याने वेज घेऊन तो फेअरवेवर आणावा, तिथे शौर्य नको. पावसाळ्यात आणखी एक सोय लक्षात ठेवा. चेंडू वरून पडून स्वतःच्याच खड्ड्यात ओल्या जमिनीत रुतला, तर सँड बंकर वगैरे सोडून बाकी मैदानात तो दंडाशिवाय काढून बाजूला टाकता येतो. पुष्कळ जणांना हे माहीत नसतं आणि ते चिखलाशी झुंजत बसतात.

हायब्रीडबद्दलची नेहमीची तक्रार अशी की तो चेंडू डावीकडे ओढतो. तक्रार खोटी नाही. पुष्कळ हायब्रीडची घडण अशी असते की चेंडूला लागताना तोंड लवकर मिटावं, कारण नवशिक्याचा चेंडू सहसा उजवीकडे पळतो. क्रिकेट खेळलेल्यांना याचा त्रास जास्त, आणि बडोद्यात क्रिकेट न खेळलेला माणूस शोधावाच लागेल. फ्लिक मारताना खालचा हात जसा मनगट फिरवतो तसा इथे फिरवला की चेंडू गेलाच झाडीत. उपाय साधा आहे. उभं राहताना काठीचं तोंड आधीपासून मिटलेलं नाही ना ते बघणं, आणि उजव्या हाताची पकड सैल ठेवणं. 

खरेदी करताना तळावरच्या नंबरावर जाऊ नका, अंश विचारा. साधारणपणे तीन नंबरचा हायब्रीड 19, चारचा 22 आणि पाचचा 25 अंशांच्या आसपास असतो. पण हल्लीच्या आयर्न संचांत कोन इतके उभे केले आहेत की काही संचांतला पाच नंबरचा आयर्नही 22-23 अंशांचा निघतो. मग नंबर बघून घेतलेले दोन क्लब एकाच अंतरावर जातात आणि पैसे वाया. आपला सगळ्यात लांब जाणारा आयर्न कुठवर जातो ते दहा चेंडू मारून पावलांनी मोजावं, आणि त्याहून दहा-पंधरा यार्ड पुढे जाणारा हायब्रीड घ्यावा.

ग्रीनच्या कडेला, चेंडू आणि खळगी यांच्यात थोडं गवत असतानाही हा क्लब कामाला येतो. दांडा खाली धरायचा, पटरसारखा छोटा झोका द्यायचा, चेंडू कडेचं गवत ओलांडतो आणि मग घरंगळत जातो. 2004 साली रॉयल ट्रून इथे टॉड हॅमिल्टन यांनी असे फटके मारतच एर्नी एल्स यांना हरवून ब्रिटिश ओपन जिंकली. 2009 च्या पीजीए चँपियनशिपमध्ये कोरियाच्या वाय. ई. यांग यांनी शेवटच्या होलवर दोनशे यार्डांवरून हायब्रीडने चेंडू खळगीजवळ ठेवला आणि टायगर वूड्स हरले. तोवर मोठ्या स्पर्धेत शेवटच्या दिवशी आघाडीवर असताना वूड्स कधी हरले नव्हते.

आम्हाला मात्र जवळचं उदाहरण आपल्या अदिती अशोकचं वाटतं. टोकियो ऑलिंपिकच्या वेळी, 2021 साली, तिची कूस लहान होती, म्हणजे पहिला फटका बऱ्याच जणींपेक्षा मागे पडायचा. दुसऱ्या जिथे छोटा आयर्न काढत तिथे हिला लांब क्लब काढावा लागे. चार दिवस ती ते करत राहिली आणि चौथी आली. रौप्य-कांस्यासाठी ज्या दोघींत प्लेऑफ झाला, त्यांच्या मागे ती फक्त एका फटक्याने होती. त्या सकाळी आपल्यापैकी किती जणांनी आयुष्यात पहिल्यांदा टीव्हीवर गोल्फ बघितलं, हात वर करा बरं. बघा, निम्मं सभागृह.

मागच्या टेबलावर दोन हायब्रीड आणि एक चार नंबरचा आयर्न मुद्दाम आणून ठेवलाय. प्रसाद घेऊन झाल्यावर दोन्ही हातात धरून बघा, वजनाचा फरक लगेच कळेल. मुलांनी जरूर धरावा. फक्त मंडपात झोका कुणी घेऊ नका, वर पंखे आहेत आणि समोर मखर आहे.

गणपती बाप्पा मोरया.