वार अडकते तेव्हां

१९४९ सालीं गोरेगांवनजीक आरे कॉलनी स्थापन झाली आणि मुंबईंतील अनेक तबेल्यांच्या म्हशी तिकडे नेण्यांत आल्या. म्हैस पाळणाऱ्यास एक गोष्ट ठाऊक असते: व्याल्यावर वार पडण्यास दहा-बारा तास लागले, तरी घाबरूं नये आणि ती ओढूं नये. मात्र हाच हिशेब बाळंतिणीस लावल्यास तिच्या प्राणाशीं गांठ पडते. म्हशीची वार अनेक लहान गांठींनीं गर्भाशयास जोडलेली असते. स्त्रीची वार एकाच जागीं रुजलेली असते, आणि गर्भाशय आवळल्यावांचून तेथील रक्तवाहिन्यांचीं तोंडें मिटत नाहींत. म्हणून अर्ध्या तासांत ती न पडल्यास अडकली असें समजतात व रुग्णालयांत भूल देऊन हातानें सोडवितात.

गर्भपातानंतर कांहीं अंश आंत राहिल्यास नेहमींच एवढी घाई नसते. रक्तस्राव बेताचा व प्रकृति स्थिर असेल, तर कांहीं दिवस वाट पाहणें किंवा औषध घेणें हे मार्ग मोकळे असतात. रक्त फार जाऊं लागलें, ताप आला किंवा स्रावास दुर्गंधि सुटली, म्हणजे मात्र गर्भाशय रिकामें करण्यास विलंब लावूं नये.

यासाठीं पूर्वीं धातूच्या उपकरणानें आंतील अस्तर खरवडीत असत. १९४८ सालीं जोसेफ अ‍ॅशरमन यांनीं, खरवडल्यानंतर पाळी थांबलेल्या स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. गर्भाशयाच्या भिंती एकमेकींस चिकटण्याच्या विकारास आज त्यांचेंच नांव आहे; त्यांत पुन्हां दिवस राहणें कठीण होतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१२ सालीं, खरवडण्याऐवजीं शोषणपद्धति वापरावी, असें स्पष्ट सांगितलें. नळीवाटे अंश ओढून घेणारी ही पद्धति हातपिचकारीनेंहि साधते. तिला विजेची गरज नसते. अंश कांहीं आठवड्यांनीं आढळला, तर गर्भाशयांत दुर्बीण घालून, प्रत्यक्ष पाहून, तेवढाच भाग काढतां येतो.

घरोघर मात्र “पिशवी साफ केली” एवढ्यावर बोलणें संपतें. ती कोणत्या रीतीनें करणार, हें तिनें किंवा घरच्यांनीं आधींच विचारावें. पुढील अपत्याची आशा त्यांत गुंतलेली असते. लागोपाठ दोन तास, दर तासास दोन पॅड भिजत असतील, तर विचारपूस करण्यासहि वेळ उरत नाहीं. आरेंतील झाडींतल्या पाड्यावरूनहि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य बोलावतां येते. तो फोन उजाडण्याची वाट न पाहतां करावा.