द्राक्षमळ्यातले जेवण आणि आपला हुरडा
(दिघी येथील बैठकीतील भाषण)



दिघीहून चाकण जवळच. तिथेच १९७९ साली शरद जोशींनी कांद्याच्या भावावरून शेतकरी संघटना उभी केली. तुमची पोरे आज इथल्या भोसरी-चाकणच्या कारखान्यांत राबतात, कारण गावाकडच्या कापूस-ज्वारीत भागत नाही. म्हणून बोलायचे भावाबद्दलच. पण सुरुवात एका जेवणापासून करतो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही काही कार्यकर्ते नाशिककडच्या एका द्राक्षमळ्यात गेलो. पैसे भरून वेलींच्या ओळींतून फिरलो, वाइनच्या टाक्या पाहिल्या, बागेसमोर बसून जेवलो. बिल आले तेव्हा यवतमाळकडचा एक भाऊ म्हणाला, "एवढ्यात आमची पोतंभर ज्वारी जाते." सगळे हसलो आणि मग गप्प झालो.

हिशेब साधा आहे. पाऊण लिटरच्या एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षे लागतात. बागायतदाराला पैसे मिळतात तेवढ्या द्राक्षांचे. पुढे बाटली, नाव, फेरफटका, जेवण, मुक्काम; ज्याची पायरी, त्याचा पैसा. शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आणून वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली. द्राक्षाची वाट मोकळी केली. आणि कापसाची? १९७२ पासून एकाधिकार खरेदी लादली. स्वतःचा कापूस राज्याबाहेर नेणारा शेतकरी गुन्हेगार ठरला.

पण द्राक्षाला भुलू नका. त्याला ठिबक हवे, तारा हव्यात, फवारण्या हव्यात. वाइनची द्राक्षे बारीक आणि बियांची. ती खायला कोणी घेत नाही, कारखाना हेच गिऱ्हाईक. २००८ नंतरच्या मंदीत मागणी बसली आणि नाशिककडच्या कित्येकांनी बागा उपटल्या. इथून नाशिकच्या रस्त्याला नारायणगावी शामराव चौगुल्यांनी वाइनचा मोठा उद्योग उभारला होता. त्यांची 'ओमर खय्याम' परदेशात गेली. तो उद्योगही पुढे कर्जात बुडाला.

मग कोरडवाहूवाल्याने शिकायचे काय? जोशींनी १९९१ साली शेगावला मांडलेली माजघर शेती आठवा. माल शेतातून थेट अडत्याकडे न नेता घरात त्याची किंमत वाढवायची. आपल्याकडे हुरडा आहे. गुळभेंडी किंवा सुरती ज्वारी पाच गुंठ्यांत, आठ-आठ दिवसांच्या अंतराने पेरा. हुरड्याचे दिवस थोडे. टप्प्याने पेरले तर महिनाभर आगटी पेटती राहील. शहरातला माणूस पैसे मोजून येतो, आणि त्याला वाढणारे हात तुमच्या घरचेच असतात.

मात्र एक विसरू नका. हुरड्यावर पाच गुंठ्यांचे भागेल. उरलेल्या पाच एकरांना रास्त भावच लागतो, आणि रुई, सरकी, तेल आपल्या गावात काढण्याची मोकळीक लागते. आगटीवर आलेल्या पाहुण्याला हुरड्याबरोबर हाही हिशेब सांगा.