आजार लपवू नये, माणूस टाकू नये
(वधू-वर परिचय मेळाव्यातील भाषण)



वधू-वर मेळाव्यात आम्ही अमेरिकेतल्या एका गाण्याविषयी बोलणार, याचे अनेकांना नवल वाटेल. परंतु त्या गाण्याच्या गायिकेचे आणि आपल्या विदर्भातील कित्येक घरांचे दुखणे एकच आहे.

अमेरिकेतील अटलांटा शहरात तीन कृष्णवर्णीय तरुणींचा 'टीएलसी' नावाचा गायनसंच होता. १९९२ साली त्यांचा पहिला अल्बम आला. एड्सचे नाव घ्यायलाही लोक कचरत, त्या काळात त्यांच्यातील लिसा लोपेझ चष्म्याच्या एका काचेवर निरोध लावून लोकांसमोर येई. १९९५ साली त्यांचे 'वॉटरफॉल्स' हे गाणे तेथील 'बिलबोर्ड' यादीत ७ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्याच्या एका कडव्यात एड्सने खंगत जाणारा माणूस आहे. त्याचा तिरस्कार नाही, कळवळा आहे.

हे गाणे गाणारी मुख्य गायिका टियॉन वॉटकिन्स तेव्हा २५ वर्षांची होती. दुसऱ्याचे दुखणे जगापुढे मांडणारी ही मुलगी स्वतःचे दुखणे मात्र झाकून होती. तिला जन्मापासून सिकलसेल होता. ती तिशी ओलांडणार नाही, तिला मूल होणार नाही, असे डॉक्टरांनी तिला लहानपणीच सांगितले होते. १९९६ साली तिने आपला आजार जाहीर केला आणि पुढे सिकलसेल रुग्णांसाठी प्रचार केला. २००० साली ती एका मुलीची आई झाली. आज तिने पन्नाशी ओलांडली आहे.

बंधू-भगिनींनो, सिकलसेल म्हणजे काय हे येथे अनेकांना अनुभवाने ठाऊक आहे. रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि हाडे फुटावीत तशा वेदना होतात. हा आजार शिवल्याने होत नाही, मागच्या जन्मीच्या पापानेही होत नाही. हिवतापाच्या प्रदेशात वाहकांना त्या तापापासून काही संरक्षण मिळाले, म्हणून हा गुणधर्म पिढ्यान्‌पिढ्या टिकला. आफ्रिकेत हेच झाले, आपल्या आदिवासी व बौद्ध समाजातही हेच झाले. ज्या धम्माने आम्हाला कार्यकारणभाव शिकविला, त्याच्या अनुयायांनी कारण सोडून दैवाला दोष का द्यावा?

प्रश्न लग्नाचा आहे. साक्षगंध होते, लग्न होते, आणि मुलगी पहिल्यांदा वेदनेने तळमळते तेव्हा सासरी कळते. मग 'फसवले' म्हणून तिला माहेरी धाडतात. दोष मात्र आई व वडील दोघांकडून आलेला असतो, एकट्या आईकडून नव्हे. दुसरीकडे, जो केवळ वाहक आहे, म्हणजे ज्याचा 'एएस' रिपोर्ट आहे, त्यालाही आजारी समजून नाकारले जाते. वाहक माणूस सहसा निरोगी आयुष्य जगतो. वाहकाचे लग्न सामान्य रक्ताच्या व्यक्तीशी झाले, तर मुलांना हा आजार होत नाही. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक एवढी शक्यता असते. त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गर्भाची तपासणी करता येते.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली, प्रत्येक मुलामुलीने नाव नोंदवण्याआधी रक्त तपासून घ्यावे आणि साक्षगंधापूर्वी दोन्ही घरांनी एकमेकांना रिपोर्ट सांगावा. दुसरी, तो रिपोर्ट चावडीवर वाचू नये. शतकानुशतके ज्यांना दूर ठेवले गेले, त्यांनी रक्ताच्या रिपोर्टवरून नवी अस्पृश्यता निर्माण करू नये. तिसरी, जे रुग्ण आहेत त्यांना औषध, रक्त आणि सोबत मिळावी. २०१६ च्या कायद्याने सिकलसेलचा दिव्यांगत्वात समावेश झाला आहे. त्याचे प्रमाणपत्र काढून देण्यास आपल्या तरुणांनी मदत करावी. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियानही सुरू झाले आहे.

पोटाच्या विकाराने घाणीत पडलेल्या, कोणी न विचारणाऱ्या भिक्खूला भगवंतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हातांनी धुतले. आधी त्याची शुश्रूषा केली, नंतर भिक्खुसंघाला उपदेश केला. हा क्रम आपण ध्यानात ठेवावा, एवढे सांगून आम्ही आमचे दोन शब्द संपवितो.

नमो बुद्धाय! जयभीम!