प्रीति आणि घरचें वळण

(ज्युबिलीच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या आनंदाच्या दिवशीं मीं देवळाविषयीं बोलावें, अशी आपली अपेक्षा असेल. परंतु देऊळ दगडविटांचें असतें. धर्मग्राम मात्र घरांचा बनतो. म्हणून घर जेथून सुरू होतें, त्या तरुण-तरुणींच्या प्रीतीविषयीं आज चार शब्द सांगतों.

आपला हा मुलूख पाहा. कल्याण कँपच्या लष्करी बराकींत सिंधहून आलेले निर्वासित उतरले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वस्तीला उल्हासनगर हें नांव मिळालें. अंबरनाथच्या कारखान्यांनीं गांवोगांवच्या कामगारांस ओढून आणिलें. मुंबईचे नोकरदार परवडणारें घर शोधीत बदलापुरास आले. आज मराठवाड्याचीं, वसईचीं, गोव्याचीं, मंगळूरचीं कुटुंबें आपल्या देवळांत शेजारीं शेजारीं गुडघे टेकतात. केरळच्या सिरो-मलबार बांधवांसाठीं तर १९८८ सालीं कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. गांवीं सोयरीक जुळवितांना वडील मंडळी समोरच्या घराच्या तीन पिढ्या ओळखत. येथें मुलगा-मुलगी लोकलच्या प्रवासांत किंवा कचेरींत भेटतात. एकमेकांचा स्वभाव कळतो, पण घर कळत नाहीं.

येथें मी स्वतःचा दोष सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं एक जोडपें मजकडे आलें. दोघेंही कॅथलिक, दोघांची भाषा मराठी, बाप्तिस्म्याचे दाखले चोख. तीन रविवारीं नांवें वाचलीं आणि लग्न लावून दिलें. दोन वर्षांनीं तींच दोघें आलीं, पण वेगवेगळीं. मुलगी पगारांतून आपल्या विधवा आईस पैसे देई. तिच्या माहेरीं तें लेकीचें कर्तव्य होतें. सासरीं सुनेचा पगार सासूच्या हातीं ठेवण्याची रीत. दोघेंही वाईट नव्हतीं. परंतु लग्नापूर्वीं ही गोष्ट कोणीं काढिली नव्हती, आणि मींही विचारिली नव्हती. मीं दाखले पाहिले, घर पाहिलें नाहीं.

घरचें वळण म्हणजे जात नव्हे, भाषा नव्हे, ताटांतील कालवणही नव्हे. पैसा कोणासाठीं खर्चावयाचा, आजारी म्हाताऱ्याजवळ कोणीं बसावयाचें, भांडणानंतर पहिला शब्द कोणीं बोलावयाचा, संध्याकाळीं देवाचें नांव घ्यावयाचें कीं नाहीं, यास मी वळण म्हणतों. त्यावर मनें जुळलीं तर बाकीचे भेद सोसतां येतात.

परंतु वळण जुळणें म्हणजे एकानें दुसऱ्यावर आपलें लादणें नव्हे. येथें रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई यांचा संसार आठवतो. तीं प्रॉटेस्टंट पंथाचीं असलीं, तरी त्यांचा धडा आपल्यालाही उपयोगी आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि पतिपत्नींत कांहीं वर्षांचा दुरावा पडला. पुढें लक्ष्मीबाई पतीकडे आल्या, त्याही प्रथम आपलें सोवळें सांभाळूनच. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या मनास पटल्यावर. त्या घरांत पुढें कित्येक अनाथ मुलांस आसरा मिळाला. ‘स्मृतिचित्रें’ या आत्मचरित्रांत लक्ष्मीबाईंनीं पतीचा तापट स्वभावही झांकलेला नाहीं. तरी त्यांची प्रीति पानोपानीं दिसते.

म्हणून आईबापांस माझी विनंति आहे. ‘आपल्या घराण्याची रीत’ हे शब्द मुलांस धाक घालण्यासाठीं वापरूं नका. ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणें विवाह होतो तो वधूवरांच्या संमतीनें. ती संमति त्यांच्याऐवजीं बापाला देतां येत नाहीं, धर्मगुरूलाही नाहीं. जोडीदार अन्यधर्मीय असेल, तर १९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणें उभय पक्षांकडून हमी घेत. १९८३ च्या संहितेप्रमाणें मुलांना बाप्तिस्मा व ख्रिस्ती शिकवण देण्यासाठीं शक्य तें सर्व करण्याचें वचन कॅथलिक पक्षच देतो. परंतु तें दुसऱ्या पक्षास वेळेवर कळविलें पाहिजे. त्यांतील शहाणपण ध्यानांत घ्या: जें मागून दुखेल, तें आधीं बोलावें.

तरुणांनो, तुम्हांसही एक सांगणें आहे. लग्न ठरविण्यापूर्वीं एकमेकांच्या घरीं जा; पण नाताळच्या दिवशीं नव्हे, त्या दिवशीं सर्वच घरें चांगलीं दिसतात. कामाच्या दिवशीं संध्याकाळीं जा. बाप दमून येतो तेव्हां आईशीं कसा बोलतो तें पाहा. जपमाळेला बसा, भांडीं घासूं लागा. मग स्टेशनाकडे परततांना एकमेकांस विचारा: या घरांतलें काय आपण आपल्या घरीं न्यावयाचें, आणि काय येथेंच ठेवावयाचें?

ज्या जोडप्याची गोष्ट मीं सांगितली, तें पुष्कळ बोलून, पुष्कळ रडून पुन्हां एकत्र नांदूं लागलें. आईस पैसे आजही जातात. आतां ते जांवई स्वतः नेऊन देतो. त्यांच्यानंतर जें जोडपें मजकडे आलें, त्याला मीं दाखले मागण्याआधीं घराविषयीं विचारिलें, आणि तोच माझा नियम झाला आहे.

नाझरेथच्या पवित्र कुटुंबाची कृपादृष्टि आपल्या घरांवर राहो.