प्रिंटरपुरता अधिकार



ई-कोर्ट प्रकल्पात देशभरच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी उबुंटू लिनक्स निवडलं गेलं. खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस ही प्रणाली एनआयसी या सरकारी संस्थेच्या पुणे केंद्राने तयार केली.  अशा यंत्रांवर असणाऱ्या एका छोट्याशा आज्ञेबद्दल आज बोलायचं आहे. तिचं नाव सुडो.

लिनक्समध्ये रूट नावाचा सर्वाधिकारी असतो. तो कुणाचीही फाइल उघडू शकतो, काहीही पुसू शकतो. आता समजा, कोर्ट बसायची वेळ झाली, नकला द्यायच्या आहेत आणि छपाईची सेवाच अडकली. ती पुन्हा सुरू करायला रूटचा अधिकार लागतो आणि तंत्रज्ञ दुसऱ्या इमारतीत. अशा वेळी कितीतरी कार्यालयांत रूटचा पासवर्डच कारकुनाला सांगून टाकतात. मग तो चिठ्ठीवर जातो, चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली जाते. पुढे कुणी काय केलं, हे कळायला मार्ग राहत नाही.

यावरचा उपाय म्हणजे सुडो: पासवर्ड न सांगता ठरावीक कामापुरता अधिकार देणारी आज्ञा. ती लिहिली गेली १९८० च्या सुमारास, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो विद्यापीठात. बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर हे तिचे कर्ते. सुडोअर्स नावाच्या फाइलीत एक ओळ लिहायची: कोणी, कोणत्या यंत्रावर, कुणाच्या नावाने, कोणती आज्ञा चालवायची. कोर्टातल्या माणसांना ही रीत ओळखीची वाटेल. नाझराचं काम नाझराकडे, बेलिफाचं बेलिफाकडे. कारकून स्वतःचाच पासवर्ड टाकतो, छपाई सुरू होते आणि त्याच्या नावानिशी नोंद राहते.

पण ही ओळ लिहिताना हात आखडता ठेवायला हवा. सेवा चालू-बंद करणारी आज्ञा म्हणजे सिस्टिमसीटीएल. तिचा पूर्ण पत्ता द्या आणि पुढे ‘रीस्टार्ट कप्स’ हेही लिहा. कप्स म्हणजे छपाईची सेवा. नुसतं सिस्टिमसीटीएल लिहून सोडलं, तर तोच कारकून डेटाबेस थांबवू शकतो, अख्खं यंत्र बंद करू शकतो.

त्याहून फसवं प्रकरण एडिटरचं. एखादी सेटिंगची फाइल बदलता यावी म्हणून सुडोतून व्हीआय चालवायची परवानगी दिली, की व्हीआयच्या आतूनच शेल, म्हणजे हवी ती आज्ञा देण्याची जागा, उघडता येतं, आणि ते शेल रूटचं असतं. परवानगी दिली एका फाइलीची, हाती गेलं सगळं यंत्र! अशा कामासाठी सुडोएडिट आहे. ते फाइलीची प्रत वापरणाऱ्याच्याच अधिकारात उघडतं आणि बदल झाल्यावर परत जागी ठेवतं. सुडोअर्स फाइलही कधी साध्या एडिटरने उघडू नका, व्हिसुडोनेच उघडा. लिहिण्यात चूक असेल तर जतन होण्याआधीच ते अडवतं.

आणि सुडो अद्ययावत ठेवा. २०११ पासून तिच्यात दडलेला एक दोष क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी जानेवारी २०२१ मध्ये उघड केला. सुडोअर्समध्ये नावसुद्धा नसलेला माणूस त्यातून रूट होऊ शकत होता. दुरुस्ती लगेच आली, पण ती ज्यांनी यंत्रावर घेतली त्यांच्याच कामी आली.

लिनक्सवर काम करणाऱ्यांनी उद्या कार्यालयात गेल्यावर सुडो आणि पुढे उणे एल एवढंच टाइप करावं. आपल्याला काय काय करायची मुभा आहे, त्याची यादी समोर येते. काम छपाईपुरतं असून आज्ञेच्या जागी ‘ऑल’ दिसलं, तर तंत्रज्ञाला गाठा आणि ती ओळ बदलून घ्या.